सहा लाल ठिपके आणि कागदी कड्या: एकट्याने पूलचा सराव करणाऱ्यासाठी

पूलमध्ये क्यूने, म्हणजे काठीने, ज्या बॉलला मारून बाकीचे बॉल पॉकेटमध्ये पाडतात, त्या साध्या पांढऱ्या क्यू बॉलची एक खोड आहे. तो नुसता घसरतोय की फिरतोय, आणि फिरतोय तर कुठल्या बाजूला, याचा पत्ता लागू देत नाही. समोर कोणी जाणकार उभा असेल तर तो चूक दाखवतो. एकट्याने खेळताना मात्र शॉट चुकला एवढंच कळतं. सहा लाल ठिपक्यांचा क्यू बॉल नेमका इथे उपयोगी पडतो. बेल्जियमच्या सालुक कंपनीचा अरामिथ प्रो कप हा त्यातला सगळ्यात ओळखीचा.

ठिपके फाशाच्या सहा बाजूंसारखे समोरासमोर असतात, आणि सगळी गंमत या मांडणीत आहे. एक ठिपका बरोबर टिपेसमोर, म्हणजे क्यूच्या टोकासमोर आणा, मग बॉल असा फिरवा की उरलेल्यांपैकी एक वर आणि दोन डाव्या-उजव्या अंगाला येतील. आता सरळ मारा. टिप मध्यरेषेवर लागली असेल तर बॉल पुढे लोळताना डावा-उजवा ठिपका जागच्या जागी राहतो आणि बाकीच्या चार ठिपक्यांचा मिळून एक लाल पट्टा दिसतो. टिप जराशी जरी बाजूला लागली तरी ते दोन ठिपके छोटी वर्तुळं काढायला लागतात. वेग जास्त असला की नुसत्या डोळ्याला हे दिसत नाही. मोबाइल मागे, क्यूच्या रेषेत ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा.

पहिला सराव याच गोष्टीचा. ज्या बाजूने ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला शॉट, करतात तिकडच्या दुसऱ्या डायमंडच्या (टेबलाच्या काठावरच्या खुणेच्या) रेषेवर, बरोबर मध्यावर बॉल ठेवा आणि समोरच्या आखूड कुशनवर (टेबलाच्या रबरी कडेवर) मारून परत आणा. 9 फुटी टेबलावर जायचं अंतर सुमारे 190 सें.मी. होतं. परत येताना बॉल टिपेला लागायला हवा. नाही लागला, तर साध्या बॉलवर दोन वेगळ्या चुका एकसारख्याच दिसतात. ठिपक्यांवर त्या सुटून दिसतात: जाताना ठिपके स्थिर होते पण बॉल भलतीकडून परतला, तर नेम वाकडा, जातानाच ठिपके डुगडुगले, तर टिप मध्यावर लागलेली नाही. ठिपके फक्त जाताना वाचा, कारण तिरका लागलेला बॉल कुशनकडूनही थोडी साइड, म्हणजे बाजूची फिरकी, घेतो. आणि हळू मारलेला बॉल दोन्ही टोकांकडून खेळून पाहिला तरी टेबलाच्या एकाच अंगाला झुकत असेल, तर आधी टेबलाची पातळी तपासा. उगाच स्वतःचा हात दुरुस्त करत बसू नका.

टिप नेमकी किती चुकते हे चॉक सांगतो. टिपेला ताजा चॉक लावा, मारा, बॉल उचला आणि लाल ठिपक्यापासून चॉकचा डाग किती लांब आहे ते पाहा. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टिप गोल असल्यामुळे डाग क्यूच्या रेषेपेक्षा मध्याच्या जवळ पडतो. टिपेच्या गोलाईची त्रिज्या 9-10 मि.मी. असेल, तर क्यू 10 मि.मी. बाजूला असताना डाग साधारण साडेसात मि.मी.वर दिसतो. म्हणजे डाग 3 मि.मी. सरकलेला असेल तर क्यू 4 मि.मी. सरकला आहे. डाग मध्यापासून 14 मि.मी.च्या, म्हणजे बॉलच्या निम्म्या त्रिज्येच्या आसपास गेला की मिसक्यू (टिप बॉलवरून घसरणं) ठरलेला.

डाग सारखा उजवीकडेच पडत असेल, तर मारण्याआधीच्या थांब्यात टिप बॉलपासून 2-3 मि.मी.वर आणून ठेवा आणि चित्रणात तो क्षण बघा. टिप तेव्हाच उजवीकडे असेल तर दोष उभं राहण्यात किंवा डोळ्यांच्या जागेत. तेव्हा मध्यावर आणि डाग मात्र उजवीकडे, तर दोष झोक्यात: मूठ आवळली जाते, मनगट वळतं किंवा खांदा मध्ये येतो. प्रत्येक शॉटनंतर बॉल पुसा. जुना डाग गोंधळ तर घालतोच, शिवाय दोन बॉल चॉकच्या डागावर एकमेकांना भिडले की घर्षण वाढून पॉटचा (बॉल पॉकेटमध्ये पाडण्याचा) कोन बिघडतो.

कागदी कड्या म्हणजे फाइलमधल्या कागदाच्या भोकाभोवती चिकटवतात त्या. खरं तर बॉलच्या आधी त्याच घ्याव्यात. टेबलाच्या कापडावर चिकटवलेल्या कडीच्या भोकात बॉल स्थिर बसतो, त्यामुळे शॉट केसभरही न हलता पुन्हा तसाच लावता येतो. कडी पातळ कागदाचीच हवी. जाड प्लॅस्टिकची हळू जाणाऱ्या बॉलची वाट बदलते. सराव संपला की नखाने कड उचलून हळूच काढा. रात्रभर ठेवली तर गोंद कापडाला धरतो.

कड्या लावून करण्यासारखा सगळ्यात चांगला सराव म्हणजे सरळ स्टॉप शॉट, म्हणजे धडकेनंतर क्यू बॉल जागीच थांबवायचा. दुसरा बॉल कोपऱ्याच्या पॉकेटच्या रेषेत, क्यू बॉल त्याच्यामागे आधी 30, मग 60, मग 90 सें.मी.वर. दहापैकी आठ जमले की पुढचं अंतर. अंतर वाढलं की टिप खाली न्यावी लागते, कारण कापडाच्या घर्षणाने उलटी फिरकी वाटेतच विरते. बहुतेक जण टिप तिथेच ठेवून जोर वाढवतात आणि मग कोपर उचकतं. धडकेनंतर बॉल पुढे सरकला तर तो आधीच लोळायला लागला होता. मागे आला तर टिप गरजेपेक्षा खाली गेली. आणि बॉल जागेवर थांबून भोवऱ्यासारखा फिरत राहिला तर साइड लागली आहे. पांढऱ्या बॉलवर हाच शॉट "जमला" म्हणून मोजला गेला असता.

आता उणिवा. ठिपके चूक दाखवतात, दुरुस्त करत नाहीत, त्यामुळे नोंद न ठेवणाऱ्याला हा बॉल शोभेचाच. नकली बॉलवर ठिपके वरवर छापलेले असतात. बोट फिरवल्यावर कड जाणवली तर घेऊ नका. रेघा आणि आकडे छापलेले सरावाचे बॉलही मिळतात, पण त्यांवर टिप कुठे लावायची ते सोपं दिसतं आणि फिरकी वाचणं अवघड जातं. सहा ठिपकेच बरे.

वजन जरूर करून पाहा. पूलच्या बॉलचा व्यास 57.15 मि.मी. आणि वजन 156 ते 170 ग्रॅम असतं. नेहमीच्या टेबलावरचा क्यू बॉल झिजून हलका झाला असेल तर तो मागे सहज येतो. नव्या, जड बॉलवर तोच शॉट तोकडा पडेल. स्नूकरच्या टेबलावर हा बॉल नेऊ नका, तिथले बॉल 52.5 मि.मी.चे. नाणं टाकून चालणाऱ्या टेबलावर तर नकोच: तिथे क्यू बॉल चुंबकाने किंवा आकाराने वेगळा काढला जातो, आणि तुमचा ठिपक्यांचा बॉल एकदा पॉकेटमध्ये गेला की बाकीच्या बॉलांबरोबर आत अडकून बसतो.