बायोमेट्रिक ओळखपत्र: लायसन्सपेक्षा सरस, पण चिप तपासली तरच

ओळख पटवायला लायसन्स चालतं ते केवळ सवयीमुळे. त्याचं काम गाडी चालवायची परवानगी दाखवणं. ज्याला गाडी येत नाही त्याच्याकडे ते नसतं, आणि वयोमानाने ड्रायव्हिंग सोडलं की ओळखीचा पुरावाही जातो. बायोमेट्रिक कार्ड, म्हणजे चेहरा आणि बोटांचे ठसे चिपमध्ये साठवणारं सरकारी ओळखपत्र, इथेच बाजी मारतं.

आकार लायसन्सचाच, ८५.६० × ५३.९८ मिलिमीटर. फरक पोटात आहे. १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारी चिप आणि तिच्याभोवती बारीक तारेची अँटेना. चिपमध्ये नाव, जन्मतारीख, चेहरा, बऱ्याच देशांत दोन बोटांचे ठसे, आणि या सगळ्यावर कार्ड देणाऱ्या सरकारची डिजिटल सही. एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक लायसन्सच्या मागच्या बारकोडमध्ये अशी सही नसते, त्यामुळे बनावट कार्डाचा बारकोडही स्कॅनरवर सहज वाचला जातो.

पण चिप वाचणं आणि तपासणं यात मोठा फरक आहे. काही ॲप फक्त फोटो आणि नाव पडद्यावर दाखवतात, सही पडताळतच नाहीत. सही खरंच त्या सरकारची आहे का हे ताडून पाहण्यासाठी, कार्ड वाचणाऱ्या यंत्रात किंवा ॲपमध्ये त्या देशाची डिजिटल प्रमाणपत्रं भरलेली हवीत. शिवाय चिप अस्सल आहे का, हेही वेगळं तपासावं लागतं. नाहीतर खरा डेटा जसाच्या तसा दुसऱ्या चिपमध्ये उतरवलेला असला तरी सही बरोबरच दिसते. काउंटरवर नुसती झेरॉक्स काढणार असतील, तर या कार्डाचा लायसन्सपेक्षा काडीचाही जास्त उपयोग नाही.

फोनवर वाचताना आधी कार्डावरचा सहा अंकी क्रमांक टाका. तो नसेल तर कार्डावर खाली छापलेल्या, यंत्राने वाचायच्या अक्षर-अंकांच्या ओळी कॅमेऱ्याने स्कॅन करा. मग आयफोन असेल तर वरच्या कडेला, अँड्रॉइड असेल तर बहुधा पाठीच्या मधोमध कार्ड टेकवा आणि वाचन संपेपर्यंत हलवू नका. बहुतेक वेळा गडबड होते ती कार्ड मध्येच उचलल्यामुळे, धातूच्या कव्हरमुळे किंवा खाली दुसरं टॅपचं कार्ड राहिल्यामुळे. दोरी अडकवायला भोक पाडलंत तर अँटेना तुटते, कार्ड संपलं.

ठसे हीच या कार्डाची दुखरी नस. सिमेंटचं काम, सततची धुणीभांडी, उतारवय यांनी बोटांच्या रेषा झिजतात. कोरड्या बोटाचा ठसा तुटक येतो. हात धुवा, पुसा, किंचित क्रीम चोळून पुन्हा पुसा, आणि टोक न टेकवता अख्खं पेर सपाट ठेवा. नोंदणीतच ठसा अंधुक आला तर तिथल्या तिथे दुसरं बोट द्यायला सांगा. नंतर वर्षानुवर्षं त्रास होतो. जुळवणी कडक ठेवली की खरा माणूस अडतो, सैल ठेवली की परका आत शिरतो. म्हणून फक्त ठशावर दार उघडणारी व्यवस्था आम्ही सुचवणार नाही. चेहरा किंवा पिन हा दुसरा मार्ग हवाच.

कार्ड घेताना ठसे कुठे राहणार, हे विचारा. युरोपीय संघाच्या नियमानुसार ठसे कार्डाच्या चिपमध्ये जातात, आणि कार्ड बनवण्यासाठी ठेवलेली प्रत, इतर कायद्याने गरज नसेल तर, फार तर ९० दिवसांत पुसावी लागते. ही पद्धत आम्हाला पटते. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी नोंदींमधून सुमारे ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेल्याचं उघड झालं. पासवर्ड बदलता येतो, बोटं बदलता येत नाहीत.