‘द एक्सॉर्सिस्ट’ : सैतानाच्या आधी येणारे डॉक्टर

‘द एक्सॉर्सिस्ट’ पाहताना माझ्या अंगावर पहिला खरा काटा आला तो रुग्णालयातल्या दृश्यात, जिथे सैतानाचा मागमूसही नाही. बारा वर्षांची रेगन तपासणीच्या टेबलावर आडवी आहे, तिच्या मानेतल्या धमनीत सुई टोचली जाते, रक्ताची चिळकांडी उडते आणि मेंदूची छायाचित्रे घेणारे यंत्र इतक्या जोराने धडधडू लागते की पाहणाऱ्यालाही डोके मागे घ्यावेसे वाटते. डॉक्टर दुष्ट नाहीत, परिचारिका मुलीशी हळुवारपणे बोलते, सर्वजण आपापले काम नीट करत आहेत. आणि तरीही त्या टेबलावर पडलेले मूल पूर्णपणे एकटे आहे. विल्यम फ्रीडकिन यांनी १९७३ मध्ये केलेल्या या चित्रपटाची ताकद मला याच ठिकाणी दिसते. झपाटलेल्या मुलीचा चित्रपट म्हणून त्याची ख्याती आहे, पण माझ्या मते तो सर्व उपाय थकल्यावर माणसाचे काय होते, याचा चित्रपट आहे, आणि ते थकणे तो अत्यंत सावकाश, एकही पायरी न गाळता दाखवतो.

कथा थोडक्यात अशी. ख्रिस मॅकनील ही अभिनेत्री चित्रीकरणासाठी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात मुलीसह भाड्याच्या घरात राहते आहे. माळ्यावर उंदीर असावेत असे आवाज, हलणारा पलंग, मुलीच्या तोंडी अचानक आलेल्या शिव्या अशा लहानसहान गोष्टींपासून सुरुवात होते आणि रेगनचे वागणे कोणाच्याच आवाक्यात राहत नाही. दुसरीकडे डेमियन कॅरस हा जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघातला, धर्मगुरू आहे, जो मानसोपचारतज्ज्ञही आहे आणि ज्याची श्रद्धा आतून पोखरली गेली आहे. हे दोन धागे चित्रपटाच्या मध्याच्याही पुढे जाऊन एकत्र येतात. आजच्या प्रेक्षकाला एवढा उशीर जाचक वाटण्याची शक्यता आहे. मला मात्र तो अत्यावश्यक वाटतो, कारण ख्रिस नास्तिक आहे आणि अशा बाईने धर्मगुरूच्या दारात जावे, हे पटण्यासाठी त्याआधीची सर्व दारे तिच्या तोंडावर बंद झालेली आपण पाहिलेली असावी लागतात. प्रथम औषधाची चिठ्ठी मिळते, मग मेंदूच्या एका भागातील दोषाची शंका, मग त्या भीषण तपासण्या, मग मानसोपचार आणि संमोहन. आणि अखेरीस डॉक्टरच संकोचत सुचवतात की, मुलीचा स्वतःच्या झपाटलेपणावर विश्वास बसला असेल, तर सैतान घालवण्याच्या विधीवरही बसू शकेल. विज्ञानाची येथे टिंगल नाही. त्याच्या हाती जेवढे आहे, तेवढे ते प्रामाणिकपणे करून पाहते.

यातली सर्वांत सुंदर विसंगती म्हणजे विधीला सर्वांत जास्त विरोध करतो तो खुद्द धर्मगुरू. ख्रिस कॅरसला विचारते, तेव्हा तो स्पष्ट सांगतो की, मानसिक आजारांची ओळख पटल्यापासून असले विधी जवळपास होतच नाहीत. मराठीत आपण ‘भूत उतरवणे’ म्हणतो, पण तो शब्द येथे नेमका बसत नाही. कॅथलिक समजुतीत शरीरात शिरलेली शक्ती ही मेलेल्या माणसाचा आत्मा नसून सैतानी सत्ता असते, आणि तिला घालवण्याचा अधिकार कोणाही धर्मगुरूला आपल्या मर्जीने वापरता येत नाही. त्यासाठी बिशपची परवानगी लागते. १६१४ साली सिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथातही बाधा झाली असे सहजासहजी मानू नये, अशीच सूचना आहे आणि न शिकलेली भाषा बोलणे वा समजणे, दडलेल्या गोष्टी ठाऊक असणे, वयाला आणि प्रकृतीला न शोभणारी ताकद दिसणे, अशी लक्षणे दिली आहेत. कॅरस ही लक्षणे पडताळून पाहतो तो एखाद्या वकिलासारखा. तो बाटलीतले पाणी पवित्र असल्याचे सांगून रेगनवर शिंपडतो आणि ती वेदनेने तळमळू लागते. पण ते पाणी साधे नळाचे असते. म्हणजे हा पुरावा सैतानाच्या बाजूचा नसून विरुद्ध बाजूचा झाला. पुढे ध्वनिफितीवरची अगम्य भाषा तपासल्यावर ती उलटी बोललेली इंग्रजी निघते. प्रत्येक खुणेला दुसरे स्पष्टीकरण देता येते, आणि कॅरसला जे हवे आहे त्याची खात्री त्याला कधीच मिळत नाही. विश्वासावर इतक्या गांभीर्याने विचार करणारी पटकथा भयपटात फार क्वचित आढळते.

ही पटकथा विल्यम पीटर ब्लॅटी यांची, त्यांच्याच १९७१ च्या कादंबरीवरून लिहिलेली. जॉर्जटाउन विद्यापीठात शिकत असताना, १९४९ मध्ये, मेरीलँडमधील एका किशोरवयीन मुलावर झालेल्या विधीची बातमी त्यांच्या वाचनात आली होती आणि तीच कादंबरीचे बीज ठरली. चित्रपट ‘सत्यघटनेवर आधारित’ आहे असे सांगून त्याची भीती वाढवण्याचा मोह अनेकांना होतो; तो टाळलेला बरा. त्या घटनेतून बीज घेतले आहे, पण रेगन, ख्रिस आणि कॅरस ही माणसे ब्लॅटी यांनी घडवलेली आहेत आणि त्यांचे मोठेपण त्या घडवण्यातच आहे.

कॅरसची आई या चित्रपटात मोजक्याच दृश्यांत दिसते, तरी माझ्या मनात ती रेगनइतकीच ठसली आहे. न्यूयॉर्कमधल्या एका जुनाट घरात रेडिओ लावून एकटी बसलेली, पायाला पट्टी बांधलेली ही वृद्ध स्थलांतरित बाई घर सोडायला तयार नाही, आणि गरिबीचे व्रत घेतलेल्या मुलाकडे तिला चांगल्या ठिकाणी ठेवण्यापुरते पैसे नाहीत. मनोरुग्णांच्या वॉर्डात तिला भेटायला तो जातो, तेव्हा ती त्याच्याकडे पाठ फिरवते. पुढे सैतान कॅरसच्या वर्मावर बोट ठेवतो ते याच जागी. जेसन मिलर या नाटककाराने हा धर्मगुरू साकारला आहे. त्यांना १९७३ मध्येच नाट्यलेखनासाठी पुलित्झर पुरस्कार मिळाला होता आणि चित्रपटातली ही त्यांची पहिलीच भूमिका. त्यांच्या थकलेल्या डोळ्यांत आणि खांदे पाडून चालण्यात अभिनयाचा देखावा कुठेच नाही. एलन बर्स्टिन यांची ख्रिसही तशीच अस्सल आहे : सुरुवातीची मोकळी, हसरी, तोंडाची फटकळ बाई हळूहळू एका चिंध्या झालेल्या आवाजापुरती उरते. मॅक्स फॉन सिडो चित्रीकरणाच्या वेळी चाळिशीत होते, पण डिक स्मिथ यांच्या रंगभूषेमुळे त्यांचे वृद्ध फादर मेरिन, म्हणजे विधी करायला येणारे अनुभवी धर्मगुरू, जराही उपरे वाटत नाहीत.

रेगनच्या भूमिकेतील लिंडा ब्लेअर यांचे कौतुक सर्वत्र होते आणि ते रास्तच आहे, मात्र त्या मुलीच्या तोंडून येणारा तो खरखरीत, ओला, कुजका आवाज मर्सिडीज मॅककेम्ब्रिज यांचा आहे, हे विसरता कामा नये. हा चित्रपट मी ‘पाहण्या’पेक्षा ‘ऐकण्या’चा मानतो. रेगनची मान फिरताना होणारा कडकडाट ध्वनिकलाकार गोन्झालो गविरा यांनी चामड्याचे एक जुने पाकीट पिळून निर्माण केला होता. एरवी संगीत जवळजवळ नाहीच. माइक ओल्डफील्ड यांच्या ‘ट्यूब्युलर बेल्स’ची प्रसिद्ध धून ख्रिस शरद ऋतूतल्या रस्त्याने घरी चालत येते तेव्हा थोडा वेळ वाजते आणि विरून जाते. कुठे घाबरायचे याची सूचना संगीत देत नसल्यामुळे प्रेक्षक सतत सावध राहतो. ध्वनीसाठी आणि रूपांतरित पटकथेसाठी मिळालेली दोन ऑस्कर पारितोषिके अगदी योग्य ठिकाणी पडली, असे मला वाटते. एकूण नामांकने दहा होती, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते, आणि भयपटाला तो मान पहिल्यांदाच मिळत होता.

शयनगृहातल्या विधीच्या दृश्यांत पात्रांच्या तोंडातून निघणारी वाफ खरी आहे. संपूर्ण सेट गोठणबिंदूखाली थंड केला होता. ही वाफ म्हणजे केवळ सजावट नव्हे. दोन माणसे जाड कपड्यांत कुडकुडत, तीच ती वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणत, कष्टाचे काम करत आहेत, हे तिच्यामुळे शरीराला जाणवते. मेरिन सुरुवातीलाच कॅरसला बजावतात की, सैतानाशी संवाद करू नकोस, तो खोट्यात खरे मिसळून सांगेल. दिव्याच्या खांबाखाली, धुक्यात, हातात बॅग घेऊन घराकडे पाहत उभे असलेले मेरिन हे दृश्य भित्तिपत्रकामुळे जगभर पोहोचले, आणि बेल्जियन चित्रकार रने मॅग्रित यांच्या चित्रांवरून ते सुचले होते. परंतु त्यापेक्षाही मला लक्षात राहते ते विधीच्या मधल्या विश्रांतीत मेरिन औषधाची गोळी काढताना थरथरणारे त्यांचे हात.

दोष नाहीत असे नाही. इराकमधल्या हत्रा येथील उत्खननाची प्रस्तावना, पाझुझू या प्राचीन मेसोपोटेमियातील राक्षसाचे छोटे शिर, अचानक थांबलेले घड्याळ आणि मूर्तीसमोर उभे राहिलेले मेरिन, हे सारे अप्रतिम चित्रित झाले आहे, पण त्याचा पुढच्या कथेशी असलेला दुवा चित्रपट इतका पुसट ठेवतो की प्रथमच पाहणारा गोंधळून जातो. पोलीस अधिकारी किंडरमन यांची दृश्ये ली जे. कॉब यांच्या अभिनयामुळे गोड झाली असली, तरी त्यांचा तपास कथेला फारसे काही देत नाही. रेगन क्रूसाने स्वतःला जखमी करते, ते दृश्य तर आजही असह्य आहे. तेथे फ्रीडकिन यांनी मर्यादा ओलांडली की नाही, यावर माझे मत दर वेळी बदलते. किशोरवयीन मुलांबरोबर हा चित्रपट पाहू नये, हे मात्र मी ठामपणे सांगेन.

कोणती आवृत्ती पाहावी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. मूळ चित्रपट १२२ मिनिटांचा आहे; २००० साली सुमारे दहा मिनिटांची भर घालून नवी आवृत्ती प्रदर्शित झाली. तिच्यात रेगन उलटी होऊन कोळ्यासारखी जिना उतरते, भिंतींवर आणि अंधारात सैतानाचा चेहरा अधूनमधून चमकवला आहे, आणि शेवटी दिलासा देणारा एक प्रसंग जोडला आहे. चमकवलेले चेहरे मला सरळसरळ चूक वाटतात, कारण मूळ चित्रपटाने जे प्रेक्षकाच्या मनावर सोपवले होते, ते येथे बोट दाखवून सांगितले जाते. पण याच आवृत्तीत जिन्यात बसलेल्या दोन्ही धर्मगुरूंचे एक लहानसे संभाषण परत आले आहे. याच मुलीला का, असे कॅरस विचारतो, आणि मेरिन सांगतात की, नेम मुलीवर नसून आपल्यावर आहे. आपण स्वतःला इतके पशुवत आणि किळसवाणे मानावे की देव आपल्यावर प्रेम करू शकेल ही शक्यताच नाकारावी, एवढाच त्याचा हेतू आहे. ब्लॅटी यांचा या दृश्यासाठी आग्रह होता आणि फ्रीडकिन यांनी ते मूळ आवृत्तीतून काढले होते. या एका बाबतीत मी लेखकाच्या बाजूने आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याने १२२ मिनिटांची मूळ आवृत्तीच पाहावी, रात्री, चांगल्या ध्वनियंत्रणेवर, मध्ये न थांबता. आणि काही दिवसांनी, केवळ जिन्यातल्या त्या दोन मिनिटांसाठी, दुसरी.