एका माइकसमोर भरलेली एसटी : ‘म्हैस’चे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना

मागच्या महिन्यात माझा चौदा वर्षांचा भाचा सुटीत राहायला आला होता, तेव्हा पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’ या विनोदी कथाकथनाचे ध्वनिमुद्रण मी त्याला ऐकवले आणि मध्ये दोन-तीनदा थांबवून, आता बोलले ते कोण, एवढेच विचारले. त्याने ते पूर्वी कधीही ऐकलेले नव्हते आणि ही कथा जिथे घडते तशा रत्नागिरीहून मुंबईला जाणाऱ्या एसटीत तो कधी बसलेलाही नाही. तरीही एकदा ओळख झाल्यावर कथेतले उस्मानशेट पुन्हा बोलू लागले की त्यांचे नाव निवेदनात येण्याची वाट त्याला पाहावी लागली नाही. केवळ आवाजावर उभे राहणारे विनोदी पात्र किती पक्के बसले आहे, हे जोखण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही, आणि या रीतीने पाहिले तर हे ध्वनिमुद्रण माझ्या मते आजही मराठीत पहिल्या क्रमांकाचे आहे.

कथानक म्हणाल तर अगदी थोडके आहे. एसटीसमोर म्हैस येते, गाडी अडकते, आणि पंचनामा होईपर्यंत कोणाचीही सुटका नसते. एवढ्या अडणुकीत उस्मानशेट, बगूनाना, झंप्या दामले, मास्तर, मधू मलुष्टे, पुढारी बाबासाहेब मोरे, म्हशीचा मालक धर्मा मांडवकर अशी माणसे एकेक करून आपल्यासमोर उलगडत जातात, आणि हे सारे एका गळ्यातून येत आहे याचा विसर पडतो. नकला करणारा बहुतेक वेळा बोलीच्या हेलापाशी थांबतो; हेल साधला की काम झाले असे त्याला वाटते. पु. ल. हेलाच्या पुढे जातात आणि प्रत्येकाला स्वतःची घाई किंवा स्वतःचा निवांतपणा देतात. उस्मानशेटच्या बोलण्याला कोकणी मुसलमानी वळण तर आहेच, पण ते लक्षात राहतात ते त्यांच्या बिनघोर गतीमुळे: गाडी अडली तर अडली, गप्पांना त्याने काय होते, असा तो सूर आहे. पुढाऱ्याचे साधे वाक्यदेखील सभेत उभे राहिल्यासारखे येते. लहानशा एका वाक्यापुरता येणारा उतारूही आपले बेअरिंग, म्हणजे पात्राचा ठरलेला सूर, घेऊनच येतो आणि तेच सांभाळून निघून जातो.

यामागे माइकची जाण आहे. पु. लं.नी आकाशवाणीत नोकरी केली होती, आणि कुजबुज, पुटपुट किंवा अर्धवट सोडलेले वाक्य माइकसमोर किती दूर पोहोचते याचा अंदाज त्यांच्या प्रत्येक शब्दात दिसतो. आवाज चढवून हशा घेण्याचा मोह ते सहसा होऊ देत नाहीत. दोन पात्रांच्या मध्ये त्यांचा स्वतःचा, काहीसा अलिप्त निवेदनाचा सूर येतो. त्याने कान स्वच्छ होतो आणि पुढचे पात्र नव्याने ऐकू येते. ‘अंतू बर्वा’ आणि ‘रावसाहेब’ ही पु. लं.चीच दोन ध्वनिमुद्रणे ‘म्हैस’ला लागूनच ऐकावीत असे मी सुचवेन. अंतू बर्वा रत्नागिरीचाच, पण एसटीतल्या कोणाशीही त्याच्या आवाजाची गल्लत होत नाही, आणि बेळगावच्या रावसाहेबांच्या कानडी वळणाच्या मराठीत शिवीसुद्धा मायेने येते. 1961 मध्ये ‘बटाट्याची चाळ’च्या बहुरूपी प्रयोगात अख्खी चाळ रंगमंचावर उभी करणाऱ्या नटाने इथे आपले अंग, हात आणि चेहरा बाजूला ठेवला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते.

तुलनेसाठी मी त्याच आठवड्यात लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ची ध्वनिफीतही ऐकली. मराठवाड्याच्या बोलीतला हा एकपात्री प्रयोग, त्यात 52 व्यक्तिरेखा. त्याच्या प्रयोगसंख्येची नोंद गिनीज बुकात झाली. लक्ष्मण देशपांडे मोठे नट होते यात मला तिळमात्र शंका नाही, आणि त्यातल्या बबन्याचा भाबडा उत्साह नुसत्या आवाजातही हसवून जातो. परंतु हा प्रयोग डोळ्यांसाठी रचलेला आहे. खांद्यावरचे उपरणे एका क्षणात पदर होते, तर दुसऱ्या क्षणात मुंडासे, आणि त्या वेळी प्रेक्षागृहात उठणारा हशा ध्वनिफितीवर नुसताच ऐकू येतो. लोक कशाला हसले ते ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘वऱ्हाड’ पाहावे, आणि आज संदीप पाठक तो प्रयोग करतात तेव्हा थिएटरात जाऊनच पाहावे. ‘म्हैस’ मात्र ऐकावी.

उणिवाही सांगायला हव्यात. गाडीतल्या ज्या तरुणीभोवती मधू मलुष्टे घुटमळत राहतो, तिला स्वतःचा असा आवाज मिळत नाही. ती पुरुषांच्या नजरेतूनच दिसते. एवढी माणसे आवाजाने जिवंत करणाऱ्या कलावंताकडून तिलाही तसाच ठसठशीत आवाज मिळायला हवा होता, असे मला प्रत्येक वेळी वाटते. जुन्या प्रतीत खरखर आहे, आणि काही ठिकाणी श्रोत्यांच्या हशाखाली पुढच्या वाक्याची सुरुवात दबते.

त्या खरखरीपेक्षा अधिक त्रास मला एका ॲपवरच्या ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतीने दिला. खरखर काढताना कोणीतरी वाक्यांमधल्या शांत जागाही कापून टाकल्या आहेत, आणि पंचनाम्याच्या ऐन भरात जाहिरात घुसवली आहे. विनोदी नट पॉज घेतो तेव्हा तो श्रोत्याला चित्र उभे करायला वेळ देत असतो. तो काढला की पात्रे एकमेकांच्या अंगावर आदळतात आणि उस्मानशेटचा निवांतपणा तर पार नाहीसा होतो. मी पैसे भरून घेतलेली ती प्रत काढून टाकली आणि घरातली जुनी कॅसेट दुरुस्त करून घेतली.

विकत घेणाऱ्याने म्हणूनच आधी एक गोष्ट तपासावी: नमुना ऐकताना हशा ओसरल्यानंतरची क्षणभराची शांतता शाबूत आहे का ते पाहावे. ती असेल तर खरखरीकडे दुर्लक्ष करावे. इअरफोनपेक्षा खोलीत लहानसा स्पीकर लावून, चार जण जवळ बसून ऐकलेले मला अधिक आवडते, कारण मूळच्या श्रोत्यांच्या हशात आपला हशा मिसळतो. भाच्याने जाताना ती कॅसेट मागितली. त्याच्याकडे ती वाजवायला काहीच नाही, म्हणून फोनवर उतरवून दिली, एकही जागा न कापता.