ढिकालाच्या नावाखाली सीताबनी : २८,२५० रुपये गेले ते असे

कॉर्बेटच्या सफारीच्या बुकिंगमध्ये मी फसले. आधी आकडा लिहिते, म्हणजे लाज एकदाची संपेल. ७,५०० ॲडव्हान्स, १६,८०० ‘परमिट आणि जीप’, ३,९५० ‘कॅमेरा आणि जीएसटी’. एकूण २८,२५०. मी सांगलीच्या एका पतसंस्थेत २२ वर्षं कॅशियर होते. लोकांच्या नोटा उजेडात धरून बघणारी बाई मी.

आम्ही सहाजण : मी आणि हे, मोठे भाऊजी-जाऊबाई, नणंद आणि तिचे यजमान. जिम कॉर्बेटला जायचं ही हौस माझी, म्हणून बुकिंगही माझ्याकडे. साइट कशी होती ते सांगत बसत नाही. वाघाचं चिन्ह, हिरवी पट्टी, नावात ‘कॉर्बेट’, वर ‘अधिकृत बुकिंग’, खाली व्हॉट्सॲप नंबर. अशा साइट तुम्हीही पाहिल्या असतील. पत्ता वनखात्याच्या खऱ्या साइटचाच आहे का, एवढंच बघायचं होतं. नाही बघितलं.

व्हॉट्सॲपवरच्या त्या माणसाने विकलं काय, तर ‘ढिकाला, एका दिवसाची जीप सफारी’. ढिकाला म्हणजे कॉर्बेटच्या अगदी आतला भाग. ही गोष्ट अस्तित्वातच नाही! ढिकालाला दिवसापुरतं जायचं तर वनखात्याच्या कॅन्टरमधूनच, म्हणजे उघड्या बसमधूनच, जावं लागतं. जीप फक्त आत मुक्कामाचं आरक्षण असेल त्यांनाच मिळते. मला हे माहीत असायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत होतं, ते मी विचारलेलं नाही.

पण खरी खंत ती नाही. १६,८०० भरताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं. मी पाहिलं. स्वच्छ पाहिलं. बोट थांबलंसुद्धा. चेकवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नसेल तर मी चेक परत करत असे, मग समोर संचालक उभे असले तरी. इथे मात्र त्याला मेसेज करून विचारलं, “हे नाव कसं?” तो म्हणाला, “मॅडम, भाई का अकाउंट है, पीक सीझन में लिमिट फुल हो जाती है.” आणि मी पिन दाबला. का? तर दहा मिनिटांपूर्वी त्याने लिहिलं होतं की दोनच जीप उरल्यात, आणि जाऊबाई फोनवर विचारत होत्या, “झालं का गं बुकिंग?” तेवढंच कारण. रात्री अजून तो क्षण आठवतो आणि झोप उडते.

दुसरी खूण : त्याने आधार फक्त माझं मागितलं. खऱ्या परमिटवर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर असतो, गेटवर ते ताडून बघतात. एकाचंच आधार मागणाऱ्याला तिथेच ब्लॉक करा.

८ मार्चला पहाटे कॉर्बेटजवळच्या रामनगरला हॉटेलखाली जीप आली. म्हणजे जीप खरोखर आली, हीच तर मेख. अंधारात कोसी नदी ओलांडून निघालो. (ढिकालाच्या वाटेवर कोसी ओलांडावी लागत नाही. आता नकाशा पाठ आहे.) गेटवर ड्रायव्हरने आमचा सहाजणांचा फोटो काढला. आत सालवृक्षांचं दाट जंगल, पक्षी, लांबून भेकराचा आवाज. मी खूश. तासाभराने ह्यांनी विचारलं, “ढिकाला और कितना?” ड्रायव्हर पोराने मागे वळून बघितलं. “ढिकाला? सर, ये तो सीताबनी है. ढिकाला का गेट तो धनगढ़ी है.” त्याला बिचाऱ्याला फक्त सीताबनीची फेरी सांगितली होती. सीताबनी म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरचं राखीव जंगल. सुंदर आहे, सीतेचं जुनं देऊळ आहे. पण आम्ही पैसे त्याचे भरले नव्हते. जाऊबाई देवळात हात जोडून म्हणाल्या, “चला, वाघ नाही तर सीतामाई.” ते मला लागलं.

दुपारी धनगढ़ीला जाऊन त्या माणसाने पाठवलेली परमिटची पीडीएफ दाखवली. दुसऱ्याच कुणाच्या जुन्या परमिटवर माझं नाव चिकटवलेलं होतं. त्याचा नंबर तोवर बंद.

मग यंत्रणा! तिथल्या एका चौकीत म्हणाले, “जीप मिली ना? घुमाया ना? फिर ये दीवानी मामला है.” घरी आल्यावर इथल्या ठाण्यात : घटना तिकडची, तिकडे जा. मी झिरो एफआयआर (घटना कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती) म्हटलं, तर हवालदार म्हणाला, “मॅडम, यूट्यूब कमी बघा.” दोन तास बाकावर बसवलं, मग साहेब बंदोबस्ताला गेलेत म्हणून उद्या बोलावलं. उद्या गेले तर अर्ज मराठीत आहे, हिंदीत आणा! बँकेने तर हद्द केली : पिन तुम्ही स्वतः टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला. अरे, संमती ढिकालाला होती! १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायचा तो पैसे गेल्या गेल्या. मी केला तो पहिला हप्ता भरल्यावर २६ दिवसांनी. पण जीप चुकीच्या जंगलात शिरेपर्यंत मला कळणार तरी कसं?

आणखी एक. तिसऱ्यांदा पैसे मागितले, रक्कम कितीही लहान असो, की समजून जा. ते ३,९५० मी निघायच्या तीन दिवस आधी भरले, निव्वळ आधीचे वाया जाऊ नयेत म्हणून.

प्रत्येकी ४,७०० काढले होते, वरचे पन्नास माझे. नणंदेने परत घेतले नाहीत. जाऊबाईंनी घेतले, ९,४००.

साइट अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात उघडून बघितली तर पहिल्याच पानावर आमचा फोटो : सीताबनीच्या गेटवरची जीप, लाल शालीतली नणंद, मधे मी हसतेय. खाली लिहिलंय, ‘ढिकाला सफारी’.