कंपोझिट मुख्य दार: फोमचा गाभा, लाकडी गाभा की सरळ सागवान?

कंपोझिट म्हणजे एकाहून जास्त साहित्य एकमेकांना चिकटवून केलेलं दार, बस. म्हणूनच या एका नावाखाली तीन निरनिराळ्या जातींची दारं विकली जातात. पहिल्या जातीत दोन्ही अंगांना साधारण २ मिमी फायबरचा (जीआरपी) पत्रा, आत पॉलियुरेथेन फोम आणि कडेनं लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. एकूण जाडी बहुधा ४४ मिमी. दुसऱ्या जातीत फोमऐवजी थर चिकटवलेल्या लाकडाचा भरीव गाभा, वर पातळ आवरण आणि जाडी ४८ मिमीच्या आसपास. तिसरी जात डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि पीव्हीसी एकत्र दाबून केलेला पल्ला. बाहेरून तिन्हींवर लाकडाच्या रेषा उमटवलेल्या असतात आणि लांबून तिन्ही सारखीच दिसतात. तेव्हा रंगाचं कार्ड हातात घेण्याआधी दाराचा कापलेला कोपरा बघायला मागा. तो दाखवायची तयारी नसेल तर पुढची चर्चा व्यर्थ आहे.

डब्ल्यूपीसीचा निकाल लवकर लागतो. पाणी आणि वाळवी यांना ते दाद देत नाही, त्यामुळे बाथरूमला उत्तम. मुख्य दार मात्र उन्हात असेल तर नको. पीव्हीसी ७५-८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं, आणि उन्हात तापलेला गडद पृष्ठभाग त्याच्या बराच जवळ जातो. शिवाय बिजागरीचे स्क्रू लाकडात जसे घट्ट धरतात तसे यात धरत नाहीत. जड पल्ला हळूहळू खाली उतरतो आणि कुलपाच्या बाजूचा कोपरा उंबरठ्याला घासायला लागतो.

फोम की भरीव लाकूड

उष्णता अडवण्यात फोम उघड पुढे आहे. पॉलियुरेथेन फोमची उष्णतावाहकता ०.०२५ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, मऊ लाकडाची ०.१३. म्हणजे तेवढ्याच जाडीतून लाकडाच्या पाचव्या हिश्शाइतकीच उष्णता पलीकडे जाते. पण हे झालं पल्ल्याच्या मधल्या भागाचं. कडेच्या पट्ट्या, चौकट, काच आणि फटी या फायद्यातला बराच भाग खाऊन टाकतात. त्यामुळे कंपनीचा आकडा पाहताना तो फक्त पॅनेलचा आहे की चौकटीसकट पूर्ण दाराचा, हे विचारून घ्या. तुलना दुसऱ्या आकड्याचीच करायची.

आवाजाचं गणित उलटं. आवाज अडवायला वजन लागतं. ९०० बाय २०५० मिमीचा ४८ मिमी लाकडी गाभ्याचा पल्ला ४५-५० किलो भरतो, तर फोमचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. दार थेट रहदारीच्या रस्त्यावर उघडत असेल तर लाकडी गाभा घ्यावा. मात्र त्याला तीन दणकट बिजागऱ्या हव्यात, आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू चौकटीपुरते न राहता मागच्या भिंतीपर्यंत पोचायला हवेत.

फोमचं दार कापून आत शिरता येतं, ही भीती ऐकू येते. पत्रा आणि फोम कापता येतात हे खरं, पण चोर तेवढा वेळ घालवत नाही. तो सिलिंडर, म्हणजे कुलपाचा किल्ली घालायचा भाग, मोडतो नाहीतर कुलपाच्या बाजूला पहार घालतो. गाभ्यापेक्षा कुलपावर खर्च करा, त्याबद्दल पुढे.

ऊन आणि गडद रंग

या दारांबद्दलच्या तक्रारी फार करून इथूनच सुरू होतात, आणि गंमत म्हणजे मूळ कारण दाराचा चांगुलपणाच आहे. फोम उष्णता अडवतो, म्हणून उन्हातला बाहेरचा पत्रा तापतो आणि आतला गार राहतो. फायबरचा पत्रा दर अंशाला लांबीच्या साधारण दहा लाखांत २५ भाग वाढतो. दोन पत्र्यांत ४० अंशांचा फरक पडला, तर २ मीटर उंचीत बाहेरचा पत्रा आतल्यापेक्षा २ मिमी लांब होतो. दोन्ही एकाच गाभ्याला चिकटलेले असल्यानं सुटायला वाव नाही. मग दार धनुष्यासारखं बाहेर फुगतं. मध्य पुढे येतो, वरचे-खालचे कोपरे आत ओढले जातात. दुपारी किल्ली फिरत नाही आणि संध्याकाळी गार झालं की सगळं सुरळीत. बोलावलेला माणूस सकाळी येतो आणि ‘दारात काहीच दोष नाही’ म्हणून निघून जातो.

यावर तीन उपाय आहेत. दार पश्चिमेला किंवा दुपारच्या सरळ उन्हात असेल तर काळा, गडद करडा, गडद निळा हे रंग टाळा. फिक्या रंगात तापमानाचा फरक बराच कमी होतो. दुसरं, बाहेरून आणखी एक काचेचं बंद दार लावू नका, मधली हवा भट्टीसारखी तापते. तिसरा उपाय फुकट आहे आणि तोच फारसा कुणी करत नाही. दार नुसतं लोटलं की फक्त मधली लॅच त्याला धरते. मल्टिपॉइंट लॉक, म्हणजे वर, मध्ये आणि खाली अशा अनेक ठिकाणी अडकणारं कुलूप असेल, तर घरात असतानाही हँडल वर उचलून त्याचे वरचे-खालचे हूक चौकटीत अडकवा; तेच पल्ल्याला सरळ धरून ठेवतात.

सागवान आणि पोलाद कुठे बसतात

चांगलं वाळवलेलं सागवान अजूनही तोडीस तोड आहे, आणि एका बाबतीत सरस: ते दुरुस्त होतं. फुगलं तर रंधा मारता येतो, खरचटलं तर घासून पॉलिश होतं, कुलूप बदललं तर जुनी खाच बुजवता येते. कंपोझिट दाराला रंधा चालत नाही. कड कापली की आतली पट्टी उघडी पडते, पाणी शिरतं आणि वॉरंटी जाते. सागवानाचा जाच दुसरा: ऊन-पाऊस लागणाऱ्या दाराला दर काही वर्षांनी पॉलिश लागतं, आणि अर्धवट वाळलेलं लाकूड माथी मारलं गेलं तर पहिल्याच वर्षी पिळतं. ओलावा मोजायचं यंत्र लावून १० ते १२ टक्के दाखवलं तरच लाकूड स्वीकारा.

पोलादी दार मजबूत खरं, पण पातळ पत्र्याला पोचा पडला की तो निघत नाही, आणि गंज खालच्या कडेपासून व कुलपाच्या कापलेल्या भागापासून धरतो. दार सामाईक जिन्यावर उघडत असेल तर आगीला ठरावीक वेळ तग धरणारं, चाचणी झालेलं दार लागू शकतं. साधं फोमचं कंपोझिट तिथे चालत नाही. ही चाचणी पल्ला, चौकट, बिजागऱ्या आणि क्लोजर (दार आपोआप बंद करणारं साधन) या पूर्ण संचाची असते. नंतर त्यात बाहेर बघायच्या भिंगासाठी छोटं भोक पाडलं तरी प्रमाणपत्राचा आधार जातो.

सिलिंडर

मल्टिपॉइंट लॉकचे हूक कितीही भक्कम असले तरी किल्ली फिरते ती सिलिंडरमध्ये. स्क्रूचं भोक असतं तिथे सिलिंडर सर्वांत बारीक असतो आणि तिथेच तो मोडतो. मोडला तरी कुलूप उघडू नये अशी खाच असलेला, अँटी-स्नॅप प्रकारचाच घ्या. माप याच स्क्रूच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना वेगवेगळं घ्यायचं: ४०/५०, ४५/४५ असं, ५ मिमीच्या टप्प्यांत. बसवल्यावर बाहेरच्या प्लेटपासून ३ मिमीपेक्षा जास्त पुढे आलेला सिलिंडर पकडीत सापडतो. आतल्या बाजूला किल्लीऐवजी फिरकी असावी. आग लागली तर किल्ली शोधत बसावं लागत नाही. फक्त ती टपालाच्या फटीतून किंवा काच फोडून हाताला लागेल अशी नको. काच लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली घ्या. टफन्ड काच फुटली की पूर्ण गळून पडते आणि वाट मोकळी होते.

माप आणि बसवणी

रुंदी वर, मध्ये, खाली. उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. दोन्हींतलं सर्वांत लहान माप धरा आणि त्यातून प्रत्येकी १० मिमी वजा करा. फरशी अजून बसायची असेल तर तिची जाडी आधी मोजा, नाहीतर पल्ला पायपुसण्यावर अडतो. उंबरठा ठरवतानाही तडजोड असते. चाकाच्या खुर्चीसाठी १५ मिमीच्या आसपासचा उंबरठा सोयीचा, पण वाऱ्यासोबत पाऊस दारावर आपटत असेल तर तिथून पाणी आत येईल. वर छज्जा असेल तरच तो घ्या.

चौकट ओळंब्यात आहे का ते दोन दिशांनी तपासा आणि कर्ण मोजा. दोन कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर स्क्रू आवळू देऊ नका. स्क्रू कोपऱ्यापासून सुमारे १५० मिमीवर आणि त्यानंतर ६०० मिमीच्या आत. प्रत्येक स्क्रूमागे पॅकिंग हवंच, नाहीतर स्क्रू चौकटीला भिंतीकडे ओढून वाकवतो. भिंतीच्या फटीत भरायचा फोम कमी फुगणारा वापरा. जास्त फुगणाऱ्यानं सरळ बसलेली चौकट रात्रीत आतल्या बाजूला ढकलली जाते.

हँडल जड लागायला लागलं तर जोर लावू नका. दार उघडं ठेवून हँडल उचलून पाहा. उघड्या दारात हलकं आणि बंद दारात जड असेल, तर कुलूप ठीक आहे. पल्ला आणि चौकटीतल्या हूक अडकायच्या पट्ट्या जुळत नाहीत, बिजागरीचा स्क्रू थोडा फिरवून ते जमतं. तसंच रेटत राहिलं तर आतला गिअरबॉक्स तुटतो आणि दार बंद अवस्थेत अडकतं. शेवटचे पैसे देण्याआधी कागदाची पट्टी दाराच्या कडेच्या, फट बंद करणाऱ्या रबरात धरून दार लावा आणि ओढा, चारही बाजूंना आठ-दहा ठिकाणी. जिथे ती अलगद निघते तिथे रबर दाबला जात नाही. पहिल्या कडक उन्हाळ्यात हीच पट्टी भर दुपारी पुन्हा लावून बघा.