व्हॉट्सॲप बिझनेस: गिऱ्हाइकाशी बोलायला पक्कं, दवंडीला कच्चं

खानदेशात जळगावचं कापड दुकान असो, सावद्याचा केळी वेफर्सवाला असो की अमळनेरला बिबडी (ज्वारीचे पापड) थापणारा बचत गट, धंद्याच्या फोनात व्हॉट्सॲप बिझनेस हमखास सापडतं. जानेवारी २०१८ मध्ये आलेलं हे ॲप फुकट आहे आणि पाचापैकी चार गुण त्याला खुशाल द्यावेत. एक गुण का कापला ते पुढे येईलच. आधी एक स्पष्ट सांगायला हवं. हे ॲप गिऱ्हाइकाशी बोलण्यासाठी बनलंय, आणि आपल्याकडे बहुतेक जण त्यावर दवंडी पिटतात. मग म्हणतात, सोशल मीडियाचा काही उपयोग होत नाही.

सुरुवात नंबरापासून. घरचा नंबर धंद्याला लावू नका. एकदा लावला की मेहुण्याचे फॉरवर्ड, समाजाचे ग्रुप आणि गिऱ्हाइकाची ऑर्डर एकाच रांगेत येतात आणि ऑर्डर खाली जाते. एकाच फोनात साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस दोन्ही चालतात, फक्त नंबर वेगवेगळे हवेत. दुकानाचा लँडलाइनही चालतो. नंबर नोंदवताना येणारा कोड मेसेजवर न मागवता कॉलवर मागवायचा. प्रोफाइलमध्ये पाटीवर आहे तेच नाव टाका, साप्ताहिक सुट्टीचा वार भरा आणि नकाशावरची खूण दुकानाच्या दारात उभं राहून लावा. गावाचं नाव टाकून सोडून दिलं तर खूण भलतीकडेच पडते आणि बाहेरगावचं गिऱ्हाईक स्टँडवर उतरून फोन करत बसतं.

आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज मात्र जसाच्या तसा ठेवू नका. ‘आपल्या संपर्काबद्दल धन्यवाद, आम्ही लवकरच उत्तर देऊ’ हे वाचून बँकेचा मेसेज आल्यासारखं वाटतं. हा मेसेज माणूस पहिल्यांदा बोलतो तेव्हा जातो, किंवा १४ दिवस बोलणं झालं नसेल तर पुन्हा जातो. म्हणजे ती दुकानाची पायरी आहे. तिथे ‘राम राम. दुकान सकाळी १० ते रात्री ८. काय हवं ते लिहा, नाहीतर बोलून पाठवा, दुपारपर्यंत उत्तर येईल’ एवढं पुरतं. वेळ सांगितली की ती पाळायची, हे ओघानं आलंच.

बोलीबद्दलही थोडं. धुळे, अमळनेर, चाळीसगावच्या गिऱ्हाइकाला अहिराणीत ‘भरीत तयार शे’ (तयार आहे) असं लिहिलं की ते जवळ येतं. रावेर-यावलला लेवा गणबोली चालते, तिथे अहिराणी लादली तर उसनी वाटते. दुकानात जी बोली बोलता तीच लिहा. आणि आपल्याकडे आजही बरेच जण टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. त्यांना उत्तरही बोलूनच द्या. वीस सेकंदांच्या आवाजात जी आपुलकी जाते ती रंगीत बॅनरात जात नाही.

कॅटलॉग, म्हणजे फोटो आणि किमतीसह मालाची यादी, हा ॲपमधला सगळ्यात कसदार भाग. ५०० पर्यंत वस्तू बसतात आणि प्रत्येकीला १० पर्यंत फोटो लावता येतात. पण बिबडीच्या कॅटलॉगमध्ये काय दिसतं? इंटरनेटवरून उचललेला पापडाचा फोटो, खाली ‘बेस्ट क्वालिटी’, आणि किमतीची जागा रिकामी. किंमत विचारायला मेसेज करावा लागला की निम्मे लोक तिथेच सोडून देतात, आणि उरलेल्यांना वाटतं की माणूस पाहून भाव सांगतात. त्यापेक्षा असं करा. बिबडी खिडकीच्या उजेडात धरून एक फोटो काढा, म्हणजे आतले तीळ आणि लसूण दिसेल. दुसरा तळलेल्या बिबडीचा, शेजारी कच्ची ठेवून, म्हणजे फुलते किती ते कळेल. तिसरा पाकिटाच्या मागच्या बाजूचा, त्यावर तारीख आणि वजन. खाली लिहा: ‘ज्वारीच्या घाट्याची, कापडावर हातानं थापलेली. अर्धा किलो. तिखट मध्यम. कोरड्या डब्यात ठेवा.’ आणि किंमत. उन्हाळ्यातली बिबडी संपली की ती वस्तू कॅटलॉगमधून लपवण्याची सोय आहे, ती वापरा. ऑर्डर घेऊन मग ‘माल संपला’ सांगण्याइतकं नातं तोडणारं दुसरं काही नाही.

आता कापलेला एक गुण. एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात आणि मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनात सेव्ह केलाय. ॲप हे ठळकपणे सांगत नाही. दुकानदार यादी करतो, रोज सकाळी सुविचार आणि सणाला स्वतःच्या फोटोचा शुभेच्छा बॅनर पाठवतो आणि निम्म्यांना तो गेलेलाच नसतो. ज्यांना जातो त्यातले काही ब्लॉक करतात. फार जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं तर नंबरच बंद होऊ शकतो. बंधन जाचक आहे, पण त्यामागचं कारण रास्त आहे. विकत आणलेल्या नंबरांच्या याद्या इथे चालू नयेत. नंबर सेव्ह व्हायला सेव्ह करण्याजोगं कारण द्या. बिल देताना ‘नंबर सेव्ह करून ठेवा, पुढच्या खेपेचा भाव आधी कळवू’ असं तोंडानं सांगा आणि तेवढंच पाठवा. आखाजीआधी (अक्षय्य तृतीयेआधी) सांजोऱ्यांची, म्हणजे गोड सारणाच्या करंज्यांची, ऑर्डर कधीपर्यंत घेणार, श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आठवड्यात दुकान किती वाजेपर्यंत उघडं राहील, असे मेसेज लोक वाचतात.

रोजच्या रोज सांगायचं ते स्टेटसवर. २४ तासांत ते आपोआप जातं आणि पाहणारा आपणहून पाहतो, कुणाच्या डोक्यावर बसत नाही. थंडीत भरीत विकणाऱ्यानं यावर खरंच मेहनत घ्यावी. काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी काळी पडताना दहा सेकंद, साल सोलताना निघणारी वाफ, मग बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचताना येणारा आवाज. वर गाणं लावू नका, तो ठेचण्याचा आवाजच ऐकू द्या. खाली एकच ओळ: ‘आज २० किलो, संध्याकाळी ७ पासून.’ संपलं की ‘संपलं’ असंही टाका. वीस किलो म्हणाला आणि वीसच केलं, हे लोक लक्षात ठेवतात.

ठरलेल्या उत्तरांची सोय चांगली आहे. ‘/’ दाबून एक शब्द लिहिला की पूर्ण उत्तर येतं, अशी ५० उत्तरं साठवता येतात. पत्ता, कुरिअरचा खर्च, खातं यांसाठी ती वापरा. तक्रारीला मात्र कधीही नाही. वेफर्स खवट निघाले असं कुणी लिहिलं तर आधी पाकिटाचा फोटो आणि तारीख मागा, फोन करा, पैसे परत की दुसरं पाकीट हे त्यालाच विचारा. मग त्या चॅटला ‘तक्रार’ लेबल लावा. लेबलं २० पर्यंत करता येतात. महिनाअखेर ते लेबल उघडून बघा. तीन तक्रारी एकाच तारखेच्या असतील तर दोष त्या दिवसाच्या तेलात किंवा पाकिटाच्या सीलमध्ये आहे, आणि त्या तारखेचा माल ज्यांनी नेला त्या सगळ्यांना त्यांनी विचारण्याआधी आपणच कळवायचं.

‘दुकान बंद आहे’ हा आपोआप जाणारा मेसेज फोनला नेट असेल तरच जातो, म्हणून रात्री डेटा बंद करून झोपणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. गल्ल्यावर मुलगा आणि गोदामात वडील असं असेल तर त्याच खात्याला आणखी चार उपकरणं जोडता येतात. मग कोण उत्तर देणार ते आधी ठरवा, नाहीतर एकाच गिऱ्हाइकाला दोन भाव जातात. आणि आजच सेटिंगमध्ये जाऊन सहा आकडी पिन लावा. नाहीतर ओटीपी मागणारा एक गोड फोन येतो, नंबर दुसऱ्याच्या हातात जातो आणि तुमच्या नावानं तुमच्याच गिऱ्हाइकांकडे पैसे मागितले जातात.