परत मिळालेल्या ‘जुन्या सीट’

जुने पार्ट परत मागून घ्या, म्हणजे गॅरेजवाला फसवू शकत नाही, असं सगळेच सांगतात. मीही मागितले. त्यानं लगेच दिले, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर मार्करनं माझ्या गाडीचा नंबर लिहून. फसवणुकीचा पुरावा तो स्वतःच माझ्या हातात ठेवत होता आणि मी त्याचे आभार मानत होतो.

गाडी मॉरिस मायनर १०००, जुनी ब्रिटिश मोटार, १०९८ सीसीची. उभी करून पुसत बसायला ठेवलेली नाही, रोज चालवतो. त्यामुळे पॉइंट (ठिणगी पाडणारे इग्निशनचे संपर्क) घासणं, ऑइल बदलणं, टॅपेट (व्हॉल्व्हच्या दांड्यावरची फट) सेट करणं ही कामं मी घरीच करतो. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, खोलायची वेळ आली की मात्र गॅरेज. आणि हेड खोलायचं कारण होतं पेट्रोल.

ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९४८ साली बाजारात आली, तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं हे गृहीतच होतं. त्या शिशाचा एक पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप) आणि त्याची सीट (बंद होताना ती जिथे टेकते ती गोल कडा) यांच्यामध्ये बसायचा आणि गादीसारखं काम करायचा. आता तसं पेट्रोल कुठल्याच पंपावर मिळत नाही. शेवटचा देश अल्जीरिया, तिथंही २०२१ मध्ये ते बंद झालं. थर नसला की तापलेला व्हॉल्व्ह सीटवर आपटतो, तिथे सूक्ष्म प्रमाणात चिकटतो, सुटताना लोखंडाचा कण उपटून नेतो. असं मिनिटाला हजारावर वेळा. हळूहळू सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हेडच्या आत आत रुतत जातो. गावातल्या गावात सावकाश फिरणाऱ्या गाडीला हे वर्षानुवर्षं जाणवत नाही. मला मात्र लांबचे, सलग वेगाचे प्रवास असतात. उपाय एकच पक्का: एक्झॉस्टच्या चार जागा मशीनवर कोरून तिथे कडक पोलादाच्या सीट दाबून बसवणं.

हे काम मी ज्याला दिलं तो जुन्या गाड्यांचा जाणकार म्हणून ओळखला जायचा. त्याचं आधीचं काम पाहून माझा विश्वास बसला, आणि ते काम खरोखर चांगलं होतं, हे सांगायलाच हवं. या गाडीला मुळात पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताना मॉड्यूल त्याच पद्धतीचं लागतं. उलटं जोडलं तर ते तिथेच जळतं. त्यानं बरोबर मॉड्यूल आणलं, नीट बसवलं. हेडलाइटला रिले टाकून दिले, त्यामुळे प्रकाश दुप्पट झाल्यासारखा वाटला. वायरिंगला कापडी टेप गुंडाळला, अगदी जुन्यासारखा. जे डोळ्यांना दिसतं ते सगळं त्यानं प्रामाणिकपणे केलं. त्याची कला तीच होती.

मग त्यानं सुचवलं, की हेड खोलतोच आहोत तर पुढच्या दोन्ही किंगपिनही (ज्यांच्यावर पुढची चाकं वळतात त्या उभ्या पिना) बदलून टाकू, खेळ आलाय. खेळ आला होता हे खरंच होतं. मी हो म्हटलं.

गाडी दिली सकाळी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला, तयार आहे. आता विचार केला तर हे तेव्हाच खटकायला हवं होतं. हेड उतरवायचं, मशीनशॉपला पाठवायचं, चार खाचा कोरायच्या, सीट दाबायच्या, त्या कापायच्या, व्हॉल्व्ह बसवायचे, हेड चढवायचं, वर किंगपिन, आणि हे सगळं दीड दिवसात? पण हेडला ताजा हिरवा रंग मारलेला, नटांवरचं तेल पुसलेलं, बॉनेट उघडल्यावर इंजिन नव्यासारखं दिसत होतं. त्या रंगानं माझे डोळे दिपले.

“जुने पार्ट?” मी विचारलं.

“काढूनच ठेवलेत साहेब.” त्यानं पिशवी पुढे केली. आत दोन जुन्या किंगपिन आणि चार काळपट, कडा झिजलेल्या रिंगा. “या तुमच्या जुन्या सीट. बघा काय अवस्था झालेली.”

मी बघितल्या. वाईट अवस्था होतीच. पैसे दिले.

पुढचे दोन महिने मी खूश होतो. इंजिन आधीपेक्षा शांत झालं होतं. या इंजिनाची टॅपेटची टकटक मला सवयीची होती, ती हळूहळू कमी होत गेली. मित्रांना मी कौतुकानं सांगायचो, की बघा, चांगल्या हाताचं काम कसं असतं. अशा जुन्या इंजिनात टकटक आपोआप कमी होणं ही चांगली बातमी नसते, व्हॉल्व्ह रुतला की टॅपेटची फट कमी होते, हे मला माहीत होतं. पण ज्या कामाचे पैसे दिलेत ते बिघडलंय असं मनाला पटवणं अवघड असतं.

एका रविवारी टॅपेट बघायला घेतले. रॉकर कव्हरचे (हेडवरच्या झाकणाचे) दोन नट काढायचे, स्पार्कप्लग सैल करायचे आणि समोर हँडल घालून इंजिन हातानं फिरवायचं. या इंजिनाला नऊचा नियम चालतो: ज्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असेल तो नऊमधून वजा करा, येईल त्या क्रमांकाचा टॅपेट तपासा. आठवा उघडा तर पहिला, पाचवा उघडा तर चौथा. इंजिन थंड असताना फट ०.३० मिलिमीटर हवी, जुन्या भाषेत बारा थाऊ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश. फट मोजायच्या फिलर गेजचं ०.३०चं पातं दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या आणि सातव्याखालून लोण्यासारखं गेलं. पहिल्या आणि आठव्याखाली अडकलं, तिथे ०.२५ बसलं. चौथ्या आणि पाचव्याखाली ०.२०.

वहीत आकडे मांडले तेव्हा अंगावर काटा आला. १, ४, ५, ८ हे चारही एक्झॉस्ट. इनटेकचे चारही जागच्या जागी. त्यातही ४ आणि ५ सगळ्यात वाईट, कारण या हेडमध्ये मधल्या दोन सिलिंडरांचा एक्झॉस्ट एकाच दारातून बाहेर पडतो आणि तो भाग सर्वांत जास्त तापतो. कडक सीट बसवलेल्या असत्या तर असं चित्र दिसायचं कारणच नव्हतं. तरी मी स्वतःची समजूत घातली, की नवीन काम आहे, बसत असेल. परत सगळे ०.३० वर आणले. हजारभर किलोमीटरनंतर पाहिलं, तर तोच नमुना, तेच चार.

तेव्हा गाडी मी त्या गॅरेजकडे नेली नाही. हेड स्वतः उतरवलं आणि ते थेट एका मशीनशॉपमध्ये घेऊन गेलो. तिथले वयस्कर कारागीर, सगळे त्यांना काकाच म्हणतात, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, व्हॉल्व्ह काढले, चिंधीनं काजळी पुसली आणि हेड उजेडाकडे तिरपं धरलं.

“यात सीट कुठे आहेत?”

मी म्हटलं, “बसवल्यात ना काका. जुन्याही माझ्याकडे आहेत.” आणि मोठ्या विश्वासानं ती पिशवी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

ते रिंगांकडे बघत राहिले, मग हसायला लागले. “अहो, या हेडला कंपनीच्या वेगळ्या सीट नसतातच. हेडच्या बिडातच सीट कापलेली असते. मग जुन्या काढल्या कुठून?” त्यांनी माझा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलला आणि एका रिंगेत सोडला. तो आरपार टेबलावर पडला. डोक्यासकट.

मग त्यांनी शेजारच्या कामातलं दुसरं हेड दाखवलं, ज्यात खरोखर सीट बसवलेल्या होत्या. सीटभोवती केसासारखी बारीक गोल रेघ, दोन धातूंचा सांधा. एकदा पाहिली की विसरता येत नाही. माझ्या हेडमध्ये ती रेघ नव्हती. होती ती फक्त ग्राइंडिंग पेस्टनं घासलेली राखाडी कडा. म्हणजे गॅरेजवाल्यानं हेड खोललं होतं, व्हॉल्व्ह पेस्टनं घासले, नवं गॅस्केट टाकलं, रंग मारला आणि बंद केलं. काकांच्या मते त्यानं काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं, कारण शिशाच्या काळातला जो काही थर जुन्या सीटवर टिकून होता तोही त्या घासण्यात गेला.

मग किंगपिनचीही शंका आली. चाक जॅकवर उचललं, वरून आणि खालून धरून हलवलं. खेळ होता. बेअरिंगचा असू शकतो म्हणून मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितला. त्यानं ड्रम मागच्या प्लेटला धरला जातो आणि बेअरिंगचा खेळ बाद होतो. तरीही चाक हललं. म्हणजे खेळ किंगपिनचाच. गॅरेजवाल्यानं जुन्या पिनवरच काळा रंग मारून भरपूर ग्रीस भरलं होतं. नव्या ग्रीसमुळे काही आठवडे स्टिअरिंग मऊ लागलं, इतकंच. पिशवीतल्या ‘जुन्या’ पिन कुणाच्या होत्या देव जाणे. सीटच्या बाबतीत पैसे गेले. पण इथे मला खरा राग आला. या गाडीच्या किंगपिनचे खालचे आटे झिजून निसटले की चालत्या गाडीचं पुढचं चाक कोलमडतं. हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

मी गेलो भांडायला. सुरुवात अपेक्षित: “जुनी गाडी आहे साहेब, काही ना काही निघतच राहणार.” हे एक वाक्य या धंद्यात कशावरही पांघरूण घालतं. मी हेडचा फोटो पुढे केला आणि विचारलं, “जे हेडमध्ये नव्हतंच ते तुम्ही काढलं कसं?”

“पोरानं चुकून दुसऱ्या गाडीच्या रिंगा दिल्या असतील.”

“असतील. मग नव्या कुठे बसवल्यात?”

मग म्हणाला मशीनशॉपवाल्यानं मलाच फसवलं. कुठला मशीनशॉप? त्यांचं बिल? बिल नव्हतं. बऱ्याच फेऱ्यांनंतर किंगपिनचे पैसे परत मिळाले, तेही मी काकांचा लेखी अभिप्राय आणि फोटो त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर उघडल्यावर. हेडचे मिळाले नाहीत.

आता कुणी हेडचं काम करायला निघालं, की मी दोनच गोष्टी मागायला सांगतो. एक, मशीनशॉपचं वेगळं बिल, गॅरेजच्या बिलातली ओळ नव्हे. दुसरं, व्हॉल्व्ह बसवायच्या आधी हेड टेबलावर असतानाचा फोटो, ज्यात ती बारीक गोल रेघ दिसेल. शक्य असेल तर स्वतः जाऊन बघा. खरा कारागीर आनंदानं दाखवतो, काकांनी मला हेड बंद करू दिलं नाही जोवर मी चारही रेघा मोजल्या नाहीत. आणि जुने पार्ट मागण्याआधी आपल्या गाडीत तो पार्ट मुळात असतो का, हे वर्कशॉप मॅन्युअलच्या चित्रात पाहून जा. माझ्याकडे ते मॅन्युअल होतं. कपाटात.

काकांच्या सीट बसवून आता चार हजार किलोमीटर झाले. परवा पुन्हा हँडल फिरवून आठही टॅपेट पाहिले, ०.३०चं पातं सगळीकडून सारखंच गेलं. टकटकही परत आलीय.

त्या चार रिंगा अजून जपून ठेवल्यात. कुठल्या इंजिनाच्या आहेत ते काकांनाही सांगता आलं नाही. कुणाला ओळखता आल्या तर सांगा.